निदानाची घाई, शस्त्रक्रियेचा विचार

(सोलापूर येथे महिलांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सोलापूर हे कष्टकरी स्त्रियांचे शहर आहे. पहाटे उठून कडक भाकरी थापणारी, दुपारभर सुपात पाने घेऊन विड्या वळणारी, यंत्रमागाच्या घरात कांड्या भरणारी, शाळेत शिकवून आल्यावर सासऱ्यांच्या औषधाची वेळ सांभाळणारी, अशा स्त्रियांच्या आधारावर येथील घरे उभी आहेत. घरातील प्रत्येकाच्या दुखण्याची नोंद या गृहिणीच्या मनात असते. नसते ती फक्त स्वतःच्या दुखण्याची. आणि जे दुखणे दुखतच नाही, त्याची तर नाहीच नाही.

स्तनाच्या कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. स्नान करताना हाताला काहीतरी कठीण लागते आणि मन चरकते. मग 'सणवार होऊ दे', 'मुलीचे लग्न पार पडू दे' असे म्हणत महिने उलटतात. संकोचाने पाळलेले हे मौन ही पहिली चूक होय. परंतु मौन सुटल्यावर अनेक घरांत अगदी उलट टोकाची दुसरी चूक घडते. घर हादरते आणि कोणीतरी वडीलधारे म्हणते, "उद्याच्या उद्या काढून टाका, वेळ घालवू नका." जवळच्या दवाखान्यात गाठ काढली जाते आणि ती कर्करोगाची होती हे नंतर कळते. कधी गाठ पुरती निघालेली नसते, कधी संपूर्ण स्तन गमावला जातो. तो वाचवता आला असता का, हा प्रश्न त्या घाईत कोणी विचारलेलाच नसतो.

आजच्या विषयाचे सार या दोन चुकांच्या मध्ये आहे. घाई करावी ती निदानाची. शस्त्रक्रियेपूर्वी मात्र विचार करावा. गाठ सापडल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंतचे दिवस हे नुसते वाट पाहण्याचे दिवस नव्हेत. पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत खरा उपचार याच दिवसांत सुरू होतो.

मुळासकट उपटण्याची कल्पना

'मुळासकट काढा' या आग्रहामागे भीती आहे आणि ती निराधार नाही. आपल्याकडे सुश्रुताचार्यांनी ग्रंथी आणि अर्बुद यांचा स्वतंत्र विचार केला. अर्बुदाचा अंश शिल्लक राहिला तर ते पुन्हा वाढते, असा इशाराही सुश्रुतसंहितेत आहे. पाश्चात्त्य वैद्यकात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी हाच विचार टोकाला नेला. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी असे सर्व काही एकत्र काढून टाकण्याची त्यांची शस्त्रक्रिया पुढे सुमारे पाऊणशे वर्षे जगभर प्रमाण मानली गेली. स्त्री वाचली तर वाचे, परंतु छाती खोलगट होई, हात सुजे आणि मन खचे.

या प्रघाताला आव्हान मिळाले ते १९७० च्या दशकात. इटलीतील मिलान येथे डॉ. उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ पासून ७०१ स्त्रियांवर दोन पद्धतींची तुलना केली. निम्म्यांचा संपूर्ण स्तन काढला. उरलेल्यांचा फक्त गाठ असलेला भाग काढून किरणोपचार दिले. अमेरिकेत डॉ. बर्नार्ड फिशर यांनी १९७६ पासून तशीच चाचणी घेतली. दोन्हींचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतील स्त्रियांचे आयुर्मान सारखेच ठरले. स्तन राखल्याने जीव गमावला, असे घडले नाही.

मात्र फिशर यांच्या चाचणीतील एक आकडा प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावा. गाठ काढल्यावर ज्यांना किरणोपचार मिळाले, त्यांच्यापैकी सुमारे १४ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग परतला. ज्यांना ते मिळाले नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. म्हणजे सुश्रुतांनी दिलेला इशारा खोटा नव्हता. शेष राहता कामा नये हे खरेच. पण तो शेष नाहीसा करण्यासाठी सारा स्तन कापावा लागतोच असे नाही. गाठीभोवतीची निरोगी कड राखून केलेली शस्त्रक्रिया आणि तिच्या जोडीला किरणोपचार, हे काम करू शकतात.

आधी औषध, मग शस्त्र

परंतु गाठ मोठी असेल तर? स्तन लहान आणि गाठ तीन-चार सेंटिमीटरची असेल, तर ती काढल्यावर राखण्यासारखे फारसे उरत नाही. येथे क्रम बदलण्याची कल्पना पुढे आली. शस्त्रक्रियेनंतर द्यायचीच असलेली केमोथेरपी आधी दिली तर गाठ आकसेल आणि लहान शस्त्रक्रिया पुरेल, असा तो विचार होता.

अमेरिकेत १९८८ ते १९९३ या काळात १,५२३ स्त्रियांवर ही कल्पना तपासली गेली. एका गटाला केमोथेरपी आधी, दुसऱ्याला नंतर देण्यात आली. जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. पण आधी औषध घेतलेल्यांपैकी ६८ टक्के स्त्रियांचा स्तन राखता आला, नंतर घेतलेल्यांत ६० टक्क्यांचा. पुढे २०१८ मध्ये अशा दहा चाचण्यांतील ४,७५६ स्त्रियांची एकत्रित माहिती प्रसिद्ध झाली. मृत्यूचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच निघाले. मात्र आधी औषध घेतलेल्यांत त्याच जागी रोग परतण्याचे प्रमाण पंधरा वर्षांत २१ टक्के होते, तर नंतर घेतलेल्यांत १६ टक्के. त्या जुन्या चाचण्यांपैकी काहींत गाठ विरघळली म्हणून पुष्कळ स्त्रियांवर शस्त्रक्रियाच केली गेली नव्हती. यातून मिळणारा धडा स्पष्ट आहे. औषधाने गाठ हाताला लागेनाशी झाली, तरी शस्त्रक्रिया आणि किरणोपचार चुकवायचे नसतात.

गाठीची जात

सर्वच रुग्णांना आधी औषध द्यावे, असे मुळीच नाही. स्तनाचा कर्करोग हा एकच रोग नव्हे. त्याच्या जाती आहेत आणि जात कळल्याशिवाय उपचारांचा क्रम ठरवता येत नाही. त्यासाठी बायप्सी हवी. जाड सुईने गाठीचा लहानसा तुकडा काढून तो तपासतात. "सुई टोचली की कर्करोग पसरतो" हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. तो चुकीचा आहे. सुईने रोग पसरत नाही; उलट बायप्सीवाचून केलेल्या घाईच्या शस्त्रक्रियेने पुढचे नियोजन बिघडते.

त्या तुकड्यावर तीन गोष्टी पाहतात. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोन संप्रेरकांना प्रतिसाद देणारे ग्राहक पेशींवर आहेत का, आणि हर-टू नावाचे प्रथिन वाढलेले आहे का. यावरून स्थूलमानाने तीन वाटा पडतात.

संप्रेरकांना प्रतिसाद देणारी, लहान आणि काखेत न पोहोचलेली गाठ असेल, तर बहुधा थेट शस्त्रक्रियाच योग्य ठरते. हाच सर्वांत सोपा मार्ग. गाठ वेळेवर दाखवण्याचे बक्षीस म्हणावे ते हेच. याच जातीची गाठ मोठी असेल आणि रुग्ण वयस्क असेल, तर कधी काही महिने संप्रेरकविरोधी गोळ्या देऊन ती आधी लहान करता येते.

हर-टू वाढलेले असेल आणि गाठ दोन सेंटिमीटरहून मोठी किंवा काखेत पोहोचलेली असेल, तर केमोथेरपीबरोबर ट्रास्टुझुमॅब हे नेमके त्या प्रथिनावर काम करणारे औषध आधी देणे श्रेयस्कर मानले जाते. एके काळी ते सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होते. २०१४ पासून भारतीय कंपन्यांनी बनवलेली त्याची समरूप औषधे उपलब्ध झाली आणि परिस्थिती पालटू लागली.

तिन्ही तपासण्या नकारात्मक आल्या, तर त्या प्रकाराला 'ट्रिपल निगेटिव्ह' म्हणतात. तो आक्रमक असतो, पण केमोथेरपीला पुष्कळदा चांगला प्रतिसाद देतो. तेथेही गाठ मोठी असल्यास औषध आधी देतात. अलीकडे रोगप्रतिकारशक्ती जागी करणाऱ्या औषधाची त्याला जोड दिल्याने अशा रुग्णांचे जगण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले आहे. त्याचा खर्च मात्र अजून मोठा आहे.

औषध आधी दिल्याचा एक लाभ स्तन राखण्याहूनही मोठा आहे. गाठ जागेवर असल्याने औषध लागू पडते की नाही, हे डॉक्टरांना प्रत्यक्ष दिसते. शस्त्रक्रियेत काढलेल्या भागात रोगाचा अंशही सापडला नाही, तर ते शुभचिन्ह. अंश उरला असेल, तर पुढे वेगळे औषध देता येते. अशा औषधांनी रोग परतण्याचे प्रमाण घटते, हे २०१७ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत दिसून आले. गाठ आधीच काढून टाकली असती, तर ही खूण मिळालीच नसती.

चार-सहा महिन्यांची शिस्त

शस्त्रक्रियेपूर्वीची केमोथेरपी साधारणपणे चार ते सहा महिने चालते. या काळात काही गोष्टी कटाक्षाने व्हाव्या लागतात.

पहिली गोष्ट खुणेची. औषध सुरू करण्यापूर्वी गाठीत धातूची बारीक क्लिप बसवून घ्यावी. गाठ पूर्ण विरघळली तर शल्यचिकित्सकाला जागा कशी सापडणार? शेताची हद्द कळावी म्हणून बांधावर दगड रोवतात, तशी ही खूण असते. ही साधी गोष्ट राहून गेल्यास पुढे स्तन राखणे अवघड होऊन बसते.

दुसरी गोष्ट, प्रत्येक फेरीला डॉक्टरांनी गाठ मोजून पाहावी. औषध चालू असताना ती वाढत असेल, तर थांबून मार्ग बदलावा लागतो. असे थोड्याच रुग्णांत घडते. पण ते वेळीच कळले पाहिजे.

तिसरी गोष्ट घरच्यांची. केस गळतात, मळमळते, थकवा येतो. औषधे संपल्यावर केस परत येतात. परंतु केमोथेरपीच्या दिवसांत ताप आला, तर घरची गोळी देऊन रात्र काढू नये. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. तडक रुग्णालय गाठावे. काढे, लेप, व्रते यांनी मनाला बळ मिळत असेल, तर डॉक्टरांना सांगून त्यांतले निरुपद्रवी ते करावे. पण त्यांच्या भरवशावर एकही फेरी चुकवू नये.

फेऱ्या संपल्यावर बरे वाटू लागते आणि नेमके येथेच काही रुग्ण परत येत नाहीत. शस्त्रक्रिया साधारण महिना-दीड महिन्यात व्हावी आणि त्यानंतर किरणोपचार. पूर्वी ते पाच आठवडे चालत. आता पुष्कळ ठिकाणी तीन आठवड्यांत, पंधरा बैठकांत होतात. खेड्यातून येणाऱ्या स्त्रीसाठी हा फरक मोठा आहे. ज्या स्त्रीला किरणोपचार घेणे शक्यच नाही, किंवा जिच्या स्तनात रोग सर्वत्र पसरला आहे, तिच्या बाबतीत संपूर्ण स्तन काढणेच सुरक्षित असते. तसे ठरले तर त्यात पराभव मानू नये. मुख्य हेतू प्राण वाचवण्याचा आहे. स्तन राखणे त्या हेतूला धरून असावे, त्याला डावलून नव्हे.

मुंबईत शोधलेली मिनिटे

शस्त्रक्रियेआधीच्या काळाचा विचार महाराष्ट्राच्या भूमीतही मूलभूत रीतीने झाला, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील शल्यचिकित्सक डॉ. राजेंद्र बडवे यांनी एक साधा प्रश्न विचारला. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ हाताळली जाते, तेव्हा काही पेशी सुटून रक्तात जात असतील, तर त्या क्षणापूर्वी काही करता येईल का?

१९९७ ते २००५ या काळात सुमारे एक हजार स्त्रियांवर पहिली चाचणी झाली. निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या पाच ते चौदा दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन दिले गेले. २०११ मध्ये निष्कर्ष आले. सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता ठोस फरक दिसला नाही. परंतु काखेत रोग पोहोचलेल्या स्त्रियांत लाभाचा संकेत मिळाला.

दुसरी चाचणी त्याहून सोपी होती. दाताच्या दवाखान्यात बधिर करण्यासाठी वापरतात ते लिडोकेन गाठीच्या भोवती टोचायचे आणि सात ते दहा मिनिटांनी शस्त्रक्रिया करायची. भारतातील अकरा केंद्रांत सुमारे सोळाशे स्त्रिया यात सहभागी झाल्या. आधी केमोथेरपी न घेता थेट शस्त्रक्रियेला आलेल्या, लवकर निदान झालेल्या अशा या रुग्ण होत्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के. फरक चार टक्क्यांच्या आसपास, आणि औषध पेटंट नसलेले, अत्यंत स्वस्त. अन्य देशांतही याची पडताळणी व्हावी, असे तज्ज्ञ म्हणतात आणि ते योग्यच आहे. तथापि महागड्या औषधांच्या मागे धावणाऱ्या जगाला गरीब देशाच्या गरजेतून सुचलेला हा प्रश्न विचार करायला लावणारा ठरला.

बार्शीचा धडा

हे सर्व मुंबईचे झाले. सोलापूर जिल्ह्याचे काय, असे कोणी विचारील. उत्तर भगवंताच्या बार्शीत आहे. डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून तेथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय उभे राहिले. १९८७ मध्ये तेथेच भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. नोंदणीचे कार्यकर्ते रुग्णालयात बसून राहिले नाहीत. गावोगाव जाऊन, पारावर आणि शाळेत बैठका घेऊन त्यांनी लक्षणे सांगितली. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागले. त्यासाठी नवे यंत्र आले नव्हते. माणसे माणसांशी बोलली होती.

याच केंद्राच्या सहभागाने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक लाख एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी झाली. २००९ मध्ये तिचे निष्कर्ष आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने त्या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. शेतात राबणाऱ्या मराठवाड्यातील स्त्रियांनी जगाच्या वैद्यकाला दिलेले हे दान आहे.

स्तनाच्या कर्करोगाविषयी असाच धडा मुंबईच्या वस्त्यांतून मिळाला. १९९८ मध्ये सुरू झालेल्या आणि वीस वर्षे चाललेल्या उपक्रमात दीड लाखाहून अधिक स्त्रिया होत्या. प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका केवळ हाताने स्तनांची तपासणी करीत. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तपासणी झालेल्या स्त्रियांचा रोग लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. मॅमोग्राफीचे यंत्र प्रत्येक गावात नेता येणार नाही. शिकवलेले हात मात्र नेता येतात.

कुटुंबाने विचारायचे प्रश्न

गाठ सापडली तर कुटुंबाने डॉक्टरांना नम्रपणे, पण स्पष्ट शब्दांत पाच प्रश्न विचारावेत. बायप्सी झाली का? गाठीची जात कोणती? शल्यचिकित्सक, औषधतज्ज्ञ आणि किरणोपचारतज्ज्ञ यांनी एकत्र विचार केला का? आधी औषध दिल्याने काही लाभ होईल का? आणि क्लिप बसवली का? हे प्रश्न विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही. चांगला डॉक्टर अशा कुटुंबाचे स्वागतच करतो. या तपासण्यांना लागणारे दोन-तीन आठवडे वाया जात नाहीत; वाया जातात ते गाठ लपवण्यात गेलेले महिने.

खर्चाची चिंता खरी आहे. राज्य शासनाची आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम लागू झाली, त्यांत सोलापूर होते. २०१७ पासून ती महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. योजनेतील रुग्णालयांत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार यांचा लाभ मिळू शकतो. रुग्णालयातील आरोग्यमित्राला उपचार सुरू होण्यापूर्वी भेटावे. शिधापत्रिका आणि ओळखपत्र बरोबर असावे. दागिना मोडण्याआधी ही चौकशी करावी.

शेवटी एक गोष्ट येथे उपस्थित पुरुषांसाठी. घरातील स्त्रीने "काहीतरी हाताला लागते आहे" असे सांगितले, तर "काही नसेल" असे म्हणून तिला गप्प करू नये आणि "उद्याच कापून टाकू" असे म्हणून घाबरवूही नये. "उद्या दाखवून येऊ, मी बरोबर येतो," एवढेच म्हणावे. आणि ते नुसते म्हणू नये, खरोखरच दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर जावे. केमोथेरपीच्या दिवशी तिची भाकरी दुसऱ्या कोणीतरी थापावी. आयुष्यभर सर्वांच्या औषधांच्या वेळा सांभाळणाऱ्या स्त्रीच्या औषधाची वेळ घराने सांभाळावी.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या भगिनी वाण लुटतात. या वर्षीच्या वाणाबरोबर प्रत्येकीने शेजारणीच्या कानात एवढे एकच वाक्य घालावे: गाठ लपवू नको, आणि तपासल्यावाचून कापू देऊ नको. या एका वाक्याने सोलापुरातील एखाद्या घराची माउली वाचली, तरी ते वाण सार्थकी लागले असे समजावे.